डाव्या पानावरची फुलपाखरं

“डावीकडे एक, तांबूस,” अण्णा म्हणाले आणि चालता चालताच त्यांनी वहीत नोंद केली.

त्यांच्या लेकीनं जराशी मान वळवून पाहिलं. गोदामाची लांबलचक भिंत होती, भिंतीवर वाळत चाललेला वेल होता. फुलपाखरू नावाला नव्हतं. आजचं हे चौथं.

शरद ऋतू सरत आला होता. कालव्याकाठच्या या पायवाटेवर आता फुलपाखरं दिसली तर दिसली, उन्हाला येऊन बसणारी पाच-दहा. पण अण्णा गेली एकोणीस वर्षं दर रविवारी अकराला इथे चालत आणि फुलपाखरं मोजत. सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेलेली. माणूस निवृत्त झाला, मोजणी कुठली व्हायला! नियमही तसेच कडक. नजर नाकासमोर ठेवायची. दोन्ही बाजूंना पाच पावलांत दिसेल तेवढंच लिहायचं. डावीकडचं वहीच्या डाव्या पानावर, उजवीकडचं उजव्या. नाही दिसलं तर शून्य लिहायचं, पण खोटं काही लिहायचं नाही. आणि तीनदा मोजल्याशिवाय कुणाला आकडा सांगायचा नाही.

आणि तेच अण्णा आता नसलेली फुलपाखरं लिहीत होते!

गेले दोन रविवार आणि आज, त्यांनी तिला हट्टानं सोबत आणलं होतं. “दिवसभर बस चालवून पाय आखडले असतील तुझे, चल जरा. तुला दिसेल ते तू आधी सांग, राहिलेलं मी बघतो.” तिला बरं वाटलं होतं. पोरीची आठवण झाली म्हाताऱ्याला! मग पहिल्याच फेरीत “डावीकडे दोन पांढरी” आणि तिथे काहीच नाही. दुसऱ्या रविवारी अशीच पाच. घरी आल्यावर तिनं मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावला. उद्याची, सोमवारची वेळ मिळाली. अण्णांचं नाव आणि वेळ टिपलेली चिठ्ठी तेव्हापासून तिच्या पर्समध्ये होती आणि ती दाखवायची हिंमत काही होत नव्हती.

या काळजीनं तिचं कशात लक्ष लागत नव्हतं. दाराच्या चौकटीला खांदा आपटत होता. टेबलावरचा कप हात लागून फुटला. बस डेपोत लावताना आरसा खांबाला घासला, तोही महिन्यात तिसऱ्यांदा. मेकॅनिक म्हणाला, “ताई, दर वेळी हाच आरसा? दुसरा रुसेल हो, त्यालाही कधीतरी घासा की!” सगळे हसले. तीही हसली. बाप हातातून निसटत चाललाय हे या लोकांना काय सांगणार?

“उजवीकडे पिवळं!” ती जरा मोठ्यानंच म्हणाली. ते खरं होतं, समोर भुरभुरत होतं. अण्णांनी मान डोलावली, लिहिलं.

“डावीकडे पांढरं,” ते हळूच म्हणाले.

ती जागच्या जागी थांबली. मोजणीत थांबायचं नसतं, तरी थांबली.

“अण्णा, नाहीये तिथे काही. मगाशीही नव्हतं. द्या बघू ती वही.”

अण्णांनी वही दिली. उजव्या पानावर प्रत्येक नोंदीपुढे बरोबरची खूण होती. डाव्या पानावर प्रत्येक नोंदीपुढे छोटा गोल. तिनं मागची पानं उलटली. तिन्ही रविवारी तेच.

“या खुणा कसल्या?”

“तुला दिसलं तिथे बरोबर. नाही दिसलं तिथे गोल.”

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “म्हणजे माझी परीक्षा चाललीय? अण्णा, उद्या मी तुम्हाला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेतेय. ही बघा चिठ्ठी.” “भीती वाटते हो मला तुमची.”

अण्णा चिडले नाहीत. चिठ्ठी त्यांनी नीट वाचली, मग ते तिच्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले.

“नाकासमोर बघ. मान हलवायची नाही. माझा हात कुठाय सांग.”

ती समोरच्या पायवाटेकडे बघत राहिली. “कुठाय म्हणजे? खिशात असेल.”

“आता वळ.”

ती पूर्ण वळली. हात खिशात नव्हता. तिच्या डोळ्यांच्याच उंचीवर, गालापासून वीतभर पुढे होता. त्या हातापलीकडे भिंतीवरच्या उन्हात एक पांढरं फुलपाखरू पंख पसरून बसलं होतं.

तिला उद्या सकाळची बस आठवली. पहिल्याच थांब्यावर डाव्या बाजूनं धावत येणारी शाळेची पोरं आठवली. दर वेळी घासलेला तो डावा आरसा आठवला.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“तू घरी जेवायला आलीस आणि ताटातली डावीकडची कोशिंबीर तशीच राहिली, तेव्हा शंका आली. पण तीनदा मोजल्याशिवाय सांगणार कसं?” अण्णांचे डोळे भरून आले होते. त्यांनी वहीतली पेन्सिल काढून चिठ्ठीसोबत तिच्या हातात दिली. “डॉक्टर तेच, वेळही तीच राहू दे, ठमे. फक्त वरचं नाव खोड आणि तुझं घाल.”