गादीखालचं वजन

पाळणा रोज सकाळी बाळाचं वजन केंद्राला कळवायचा. सलग तीन आठवडे वाढ कमी भरली, की केंद्राची गाडी बाळाला पोषणगृहात घेऊन जाई आणि आईला ते फक्त रविवारी भेटे. हेमांगीच्या अडीच महिन्यांच्या ईशानचा कमी वाढीचा तिसरा आठवडा सुरू होता. तिने गादीखाली पितळी अडकित्ता सरकवला.

"वाढ समाधानकारक," पाळणा म्हणाला. तिचा जीव भांड्यात पडला.

पण आठवडाभराने ईशान दूध ओढेनासा झाला, रडण्यातही जोर उरला नाही. तिने घाबरून केंद्राला फोन लावला. "तुमच्या बाळाची वाढ समाधानकारक आहे," यंत्राने ऐकवलं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटी बाळाला पदराखाली घेऊन ती भर उन्हात केंद्रापर्यंत धावत गेली.

तिथल्या नर्स कुमुदबाईंनी ईशानला नुसतं हातांवर तोललं. "नोंदीतलं वजन याचं नव्हे. काय ठेवलं होतंस गं?"

हेमांगीने सांगून टाकलं. "वाचेल ना हो?"

"प्रयत्न करू. पण आता याला इथेच ठेवावं लागेल."

"ठेवा," ती म्हणाली आणि दुधाने ठणकणारी छाती दोन्ही हातांनी दाबून बाकावर बसली.