मोटेचं कडं

तुळशीराम दहातले नऊ चेंडू कड्यात टाकायचा, तरी खामगावच्या कॉलेजातले नवे बास्केटबॉलचे सर त्याला पहिलीतल्या पोरासारखं कोपर कसं धरायचं ते शिकवत होते. इथं पाणी मुरतंय, त्याने ताडलं. सरांना राखीव बसणाऱ्या आपल्या भाच्याला नागपूरच्या सामन्यात उतरवायचं असणार. सोमवारी मैदानावर येतो तर जुनं कडं खाली पडलेलं आणि फळीवर नवं, लहान कडं. दहातले सात चेंडू आपटून परत आले. “सर, मले टीममधून काढाले कडं लहान केलं ना?” “नागपूरले एवढंच असते.” सरांनी जुनं कडं उचलून आडवं धरलं. विहिरीवर इंजिन बसल्यावर तुळशीरामच्याच बापाने मोटेच्या तोंडाचं ते लोखंडी कडं हौसेने कॉलेजला दिलं होतं. “टाक दोन चेंडू, एकदम.” दोन्ही जोडीने, न घासता खाली गेले. तुळशीरामने त्यातला एक उचलला. “सर, कोपर कसं धरू?”