हाताला गुण

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन थोरल्या सुनेने केलं आणि भूल दिली धाकटीने. जास्त मॉर्फिन दिलं तर या वयात मळमळेल, श्वास मंदावेल, म्हणून धाकटीने ते अगदी नावापुरतं ठेवलं. त्याऐवजी पायाची नस बधिर केली, जोडीला साधी वेदनाशामकं वेळेवर दिली आणि दिवसभर उशाशी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई वॉकर धरून चालल्यासुद्धा! भेटायला येईल त्याला कौतुकाने सांगू लागल्या, "थोरलीच्या हाताला काय गुण आहे हो! साधी कळ म्हणून आली नाही."

'आणि मी काय तिथे माशा मारत होते?' धाकटी मनात धुमसली. थोरली ते सगळं कौतुक गालातल्या गालात हसत ऐकून घेत होती, ते पाहून तर तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढे थोरलीवरच स्वतःचं पित्ताशय काढून घ्यायची वेळ आली.

"तुम्ही काय, एखादा बडा सर्जनच गाठला असेल," धाकटीने टोमणा मारलाच.

थोरलीने तिचा हात घट्ट धरला. थोरलीची बोटं गार पडली होती.

"सर्जन कुणीही असू दे गं. भूल मात्र तूच द्यायचीस."