निवड चाचणी

"ग्लव्ह्ज चढव," नरहर म्हणाला. "आज आपण लढू."

विश्वास पंचिंग बॅगवर हात चालवत होता, तो थांबला. नरहर व्यायामशाळेच्या दारात उभा होता. अंगात नवा सफारी, कपाळावर बायकोने, सुमित्राने, लावलेला टिळा. संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये त्याचा सत्कार होता. कारखान्याचा बॉक्सर नरहर एकही लढत न हरता निवृत्त होत होता आणि आठवडाभर टाऊनशिपमध्ये दुसरा विषय नव्हता.

"आज?" विश्वास म्हणाला. "आज काय लढतोस? घरी जा, वहिनी वाट बघत असतील."

नरहर गेला नाही. त्याने सफारीचा शर्ट काढून रिंगच्या दोरावर टाकला.

दोघं कारखान्याच्या एकाच शॉपमध्ये, आणि एकाच वजनाचे. स्पर्धेला कारखाना प्रत्येक वजनाचा एकच माणूस पाठवायचा. त्याआधी निवड चाचणी व्हायची, निदान व्हायला हवी होती. पण नरहरने पहिलं पदक आणलं त्यानंतर क्रीडा अधिकारी गोखले साहेबांनी ती रद्द केली. आपलीच दोन माणसं एकमेकांना फोडणार, त्यात कारखान्याचा काय फायदा, असं ते म्हणाले. पुढे चाचणीचं नाव कुणी काढलं नाही. विश्वास राखीव म्हणून संघाबरोबर जायचा. भिलाई, रांची, हरिद्वार. दोन फेऱ्यांच्या मध्ये नरहरच्या तोंडाला पाण्याची बाटली लावायचा, खांदे चोळायचा आणि परत कोपऱ्यात बसायचा.

आज सकाळीच नरहर गोखले साहेबांकडे गेला होता. निवृत्त होण्याआधी विश्वासशी एक लढत ठेवा, असं त्याने सांगितलं. साहेब आधी हसले आणि मग त्रासले. हरलास तर लोकांना काय सांगायचं, वरच्या साहेबांना बोलावून बसलोय, असं म्हणून त्यांनी फोन उचलला. घरी सुमित्रा सफारीला इस्त्री करत होती. तिला सांगितलं तर ती म्हणाली, लोक असल्या नावासाठी जीव टाकतात आणि तुम्हाला ते टोचतंय. कुणाला समजावून सांगावं तेच त्याला कळेना. सगळे हात मिळवत होते, पाठ थोपटत होते, आणि प्रत्येक वेळी त्याला वाटत होतं की हा माणूस आपल्याला गप्प बसवतोय.

विश्वास नाखुशीनेच रिंगमध्ये आला.

घंटा नव्हती, पंच नव्हता. नरहरने डावा ठोसा टाकला. विश्वासचं डोकं तिथे नव्हतं. त्याने परत टाकला, मागोमाग उजवा. तोही हवेत गेला. विश्वासचे दोन्ही हात हनुवटीशी होते आणि ते तिथून हलत नव्हते. तो फक्त सरकत होता, अर्धं पाऊल इकडे, अर्धं पाऊल तिकडे. नरहरने त्याला कोपऱ्यात रेटलं, पोटावर दोन ठोसे ठेवून दिले, पण ते कोपरांवर बसले. विश्वास खांद्याखालून निसटून बाहेर आला. नरहरला दम लागला होता. विश्वासचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

"मार," नरहर म्हणाला.

विश्वासने मारलं नाही.

"मार ना रे. हात काय धरून ठेवलेस?"

नरहर पुन्हा अंगावर गेला. सगळं वजन घालून त्याने उजवा फिरवला, तो चुकला आणि त्याच झोकात तो दोरांवर जाऊन आदळला. वळला तेव्हा त्याच्या डोळ्यांत घाम उतरला होता. त्याने मुद्दाम दोन्ही हात खाली सोडले, हनुवटी पुढे काढली आणि उभा राहिला.

विश्वासचा उजवा हात सुटला. नरहरला तो दिसलाच नाही, फक्त हनुवटीला वारा लागला. ग्लव्ह बोटभर अंतरावर थांबला होता. क्षणभर तिथेच राहिला आणि खाली गेला.

"का थांबलास?" नरहरचा आवाज चिरकला.

"आता मारून काय होणार आहे?" विश्वास म्हणाला. "तुझं वय झालं, माझंही झालं. मारायचं होतं तेव्हा मारायचं होतं."

"साहेबांनी चाचणीच होऊ दिली नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे." विश्वास त्याच्याकडे बघत राहिला. "तू मागितली होतीस का?"

नरहरला एखादा तरी प्रसंग आठवून बघायचा होता, एखाद्या साली साहेबांच्या खोलीबाहेर आपण घुटमळलो असू, काही बोललो असू. तसं काही आठवेना. त्याला आठवला तो आनंद. चाचणी रद्द झाल्याची बातमी कळली त्या संध्याकाळी त्याने विश्वासला चहा पाजला होता.

"आपल्यात भारी कोण, ते मला कळायला हवं होतं," तो शेवटी म्हणाला. "एवढंच. आता मी सत्काराला उभा राहून काय ऐकू?"

विश्वासने दातांनी आपल्या ग्लव्ह्जच्या नाड्या ओढल्या, हात मोकळे केले. मग तो नरहरच्या जवळ आला. नरहरने दोन्ही मनगटं पुढे केली. गाठ घामाने घट्ट बसली होती. विश्वास ती नखांनी सोडवत राहिला.

"ऐक सगळं," तो मान वर न करता म्हणाला. "खरंच आहे ते. तू कधी हरला नाहीस." गाठ सुटली. तो दुसऱ्या हाताकडे वळला. "मीही नाही."