दहावा खांब

रेवदंड्याच्या खाडीवरच्या त्या गावात लग्नाच्या मांडवाचा एकेक खांब भावकीतल्या एकेका घराने आणायचा आणि घरच्या कर्त्याने त्यावर हळदीचा पंजा उमटवायचा, अशी रीत होती. एकतीस साली हिरामणच्या लेकीचं, मनुबाईचं लग्न निघालं, तेव्हा खांब नऊच आले. दहावं घर हिरामणच्या थोरल्या भावाचं, अंबाजीचं. महारोगाने उजव्या हाताची दोन बोटं गेल्यापासून तो मिठागरापलीकडे खोपटात एकटा राहत होता. व्याह्यांना मात्र हिरामणने सांगून टाकलं होतं, "थोरला कवाच वारला."

हळदीच्या दिवशी सकाळी तो तोरणं बांधायला गेला, तर मांडवाला दहा खांब. दहावा खाऱ्या पाण्याने निथळत होता. त्यावर पंजा होता, तीन बोटांचा.

हिरामणने खांब उपटून खाडीत लोटला, खड्डा बुजवला आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून चोरासारखं मागे पाहिलं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आलं, तेव्हा खांब जागेवर होता.

"ह्यो ओला खांब कोनाचा वो?" व्याह्यांनी विचारलं.

"ठावं न्हाय." हिरामणची मान वर होईना. हात मागे बांधून, खांबाला पाठ लावून, पंजा झाकून तो उभा राहिला.

तेवढ्यात मनुबाई त्याच्या पाया पडली. उठताना हळूच म्हणाली, "बा, तुजा हात किती गार लागला पाठीला."

हिरामणचे दोन्ही हात अजून मागेच होते. मनुबाई वळली. तिच्या हिरव्या लुगड्यावर, पाठीच्या मधोमध, तीन बोटांची हळद ओघळत होती.