ठकूबाईचा दोर

चांदवडच्या पंचक्रोशीत ठकूबाईसारखा घायपाताचा दोर कुणी वळत नसे. तिला मात्र स्वतःच्या दोरात खोटच दिसे. इथं पीळ ढिला, तिथं गाठ बोजड. गिऱ्हाइकं हसून नेत आणि दोर वर्षानुवर्षं टिके. बहात्तर साली विहिरीतला गाळ काढायला तिचाच लेक कारभारी कमरेला दोर बांधून उतरला. आधी धोंडा टांगून बघायची रीत. ठकूबाईच्या दोराला धोंडा कोण लावतो? कारभारी निम्म्यावर गेला आणि विहिरीवरच्या चाकाकडे सरकणारा एक पीळ तिला दिसला. "मेल्यांनो, वर घ्या त्याला. तापात वळलाय हा, कच्चा राहिलाय." सरपंच हसले, "म्हातारे, तुला आजवर कुठला दोर पसंत पडलाय?" विहिरीतून कारभारी ओरडला, "आये, तुझं रोजचंच हाय." पीळ चाकावर आला. एक पेड तटकन तुटला. आयुष्यात पहिल्यांदाच ठकूबाई आपल्या दोरात काहीतरी चांगलं शोधू लागली.