वर्षभर काही ना काही

"बसूया का जरा, आई?" सुनेने परत विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती बाकावर टेकलीसुद्धा.

सासूबाई उभ्याच राहिल्या. तळ्याकाठच्या रस्त्यावर जेवढे बाक लागले, तेवढ्या प्रत्येकापाशी हिचा हाच प्रश्न.

"माझे गुडघे अजून शाबूत आहेत हो," त्या म्हणाल्या. "तुला मी अगदीच मोडीत निघालेली दिसते, त्याला काय करू?"

सून पदर तोंडाशी धरून हसता हसता खोकली. मुलगा बॅग घेऊन चार पावलं पुढे गेला होता. तो थांबला, पण वळला नाही. सकाळपासून त्याने आईच्या नजरेला नजर दिली नव्हती.

तळ्यावर धुकं बसलं होतं. होड्या काठावर पालथ्या घातलेल्या, हॉटेलांच्या खिडक्या बंद, आइस्क्रीमच्या गाडीवर ताडपत्री. फिरायला जाऊ म्हणे! अशा दिवसांत इथे फिरायला कोण कुत्रं येतंय?

सासूबाईंना सगळं ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात पाणी प्यायला उठल्या, तेव्हा दाराआडून दोघांचं बोलणं कानावर पडलं होतं.

"मला नाही जमणार हे," मुलगा म्हणत होता. त्याचा आवाज भरून आला होता.

"ठरलंय ना आपलं? मग ठरलं," सुनेचा आवाज मात्र कोरडा ठणठणीत. "घरात ठेवून भागायचं नाही. लहान पोर आहे. तिथे वर्षभर काही ना काही चालू असतं, मन रमतं. आणि आईंना आत्ताच कळू देऊ नका. रडून घर डोक्यावर घेतील."

त्या रडल्या नाहीत. देवापुढे बसून एवढंच मागितलं, की त्या दारात माझा पाय लटपटू देऊ नकोस. हिच्यासमोर तर मुळीच नको.

निघताना नातीला शेजारच्या काकूंकडे सोडलं. सासूबाईंनी तिला घट्ट पोटाशी धरलं. पोर मग आईकडे झेपावली, तर सुनेने मागे सरून लांबूनच हात हलवला. जन्मदात्या आईला एवढं जड होतं पोरीला जवळ घेणं! सासूबाईंना तेव्हाच वाटलं होतं, हिच्या छातीत काळीज आहे की धोंडा.

बाकाजवळ एक म्हातारा होडीवाला पालथ्या होडीला डांबर फासत होता. सुनेने त्यालाच गाठलं.

"काका, सीझन संपल्यावर इथे काय करतात हो लोक?"

"सीझनमधे पैसे करतात. नंतर वजाबाकी," होडीवाला म्हणाला.

"नाही, खरंच. थंडीत?"

"थंडीत तळं गोठतं. पोरं बर्फावर घसरत येतात आणि आपटत जातात. फुकटची करमणूक. बर्फ वितळला की वरच्या उतारावर फुलं. उन्हाळ्यात होड्या, बँड, गर्दी. मग पानगळ. डोंगर असा पेटतो की बघत राहावं."

"आणि पावसात?"

"पावसात खिडकीत बसायचं."

"त्या वरच्या इमारतीतून तळं दिसतं का?" सुनेने डोंगराच्या खांद्यावरच्या लांबट पांढऱ्या इमारतीकडे बोट केलं.

"तिथून तर सगळ्यात झकास. आणि तिथल्या लोकांना बघत बसायला सवडही भरपूर." बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली आणि पुन्हा होडीत डोकं घातलं.

"ऐकलंत, आई? वर्षभर काही ना काही असतं," सून म्हणाली.

"ऐकलं. बहिरी नाही झाले अजून."

चढ सुरू झाला. सून इतकी हळू चालत होती, की सासूबाईंना तो अपमान वाटला. मला पांगळी समजते की काय! त्यांनी मुद्दाम पाय उचलले. गुडघ्यातून कळ मस्तकात गेली, पण पायऱ्यांशी त्याच पहिल्या पोचल्या.

मुलगा खालीच थांबला. बॅग पायरीवर ठेवून त्याने तोंड तळ्याकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. निदान एकाला तरी वाटतंय, सासूबाईंच्या मनात आलं. त्यांनीच ती बॅग उचलली.

वरच्या पायरीवर त्यांनी सुनेला आपल्याला गाठू दिलं. एकच गोष्ट मागायची होती, आणि ती हिच्याकडेच मागायला लागावी, याचंच दुःख होतं.

"अगं, बाकी माझं काही म्हणणं नाही. फक्त नातीला अधूनमधून इथे आणत जा."

सुनेने मान हलवली. "नको, आई. तिला इथे नाही आणायचं."

"महिन्यातून एकदा?"

"कधीच नको. लहान आहे. विसरेल हळूहळू."

"देव तुला बघून घेईल," सासूबाई पुटपुटल्या. एवढ्या वर्षांत असं वाईट त्यांच्या तोंडून कुणाबद्दल निघालं नव्हतं.

सुनेने खाली वाकून त्यांना नमस्कार केला. उठताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

दार उघडलं. पांढऱ्या कपड्यांतल्या बाई बाहेर आल्या. "या. तळ्याकडची खिडकी मागितली होतीत ना, तीच खोली ठेवलीय."

सासूबाईंनी पदर सावरला, मान ताठ केली. कुणी हात धरून आत न्यायची वेळ येऊ द्यायची नव्हती. बॅग घेऊन त्यांनी स्वतःच उंबऱ्याकडे पाऊल टाकलं.

बाईंनी हळूच त्यांच्या हातातून बॅग सोडवून घेतली, मागे उभ्या असलेल्या सुनेच्या पाठीवर हात ठेवून तिला आत घेतलं आणि म्हणाल्या, "आजी, पेशंटच्या नातेवाइकांना इथपर्यंतच."